मॅपशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे डोकं बिघडलं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई लातूरच्या, नोकरीसाठी पुण्यात येऊन तीन वर्षं झाली. वारज्यात राहतात, स्कूटर चालवतात आणि आजही मॅप लावल्याशिवाय त्यांना स्वारगेटला जाता येत नाही. बॅटरी उतरली की जीव घाबरा होतो. वडील एसटीत ड्रायव्हर होते, आता शेती बघतात. एकदा गेलेला रस्ता ते कित्येक वर्षांनीही वळणावळणासकट सांगतात. ‘माझा मेंदू आळशी झालाय का? मॅप बंदच करून टाकू का?’

इमारतींमध्ये, स्टेशनांत, दवाखान्यांत दिशादर्शक पाट्या कुठे आणि कशा लावायच्या हे ठरवणं माझं काम आहे. माणसं कुठे चुकतात हे बघण्यावर माझं पोट चालतं म्हणा ना. त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

मेंदू बिघडलेला नाही. मॅप बंद करायचीही गरज नाही. पण एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. रस्ता डोक्यात बसतो तो चौकात वळण कुठलं घ्यायचं हे आपलं आपण ठरवतो तेव्हा. गेल्या तीन वर्षांत तुमच्या वतीने ते ठरवण्याचं काम फोनने केलं. तुम्ही गाडी चालवलीत, सिग्नल पाळलेत, खड्डे चुकवलेत, पण रस्ता असा काढलाच नाहीत.

हे मी मनाचं सांगत नाहीये. अमेरिकेतल्या एडवर्ड टोलमन या मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये उंदरांवरून मांडलं की भुलभुलैयात फिरणारा प्राणी नुसतं ‘डावं, उजवं, डावं’ घोकत नाही, त्याच्या डोक्यात जागेचा एक नकाशा तयार होतो. नेहमीची वाट बंद केली तर तो खाण्याच्या दिशेने जाणारी दुसरी वाट धरतो. 1971 मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी सापडल्या, की उंदीर एका ठरावीक जागी आला की त्या पेशी जाग्या होतात. 2005 मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्याच भागात, जागेवर जाळी अंथरल्यासारखं मोजमाप करणाऱ्या पेशी शोधल्या. 2014 चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं. म्हणजे डोक्यात नकाशा असतो हे आता नुसतं बोलण्यापुरतं राहिलेलं नाही.

तुमच्या वडिलांशी संबंध येतो तो लंडनच्या टॅक्सीवाल्यांचा. तिथल्या काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे 25,000 रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्याला तीन-चार वर्षं सहज जातात. मेंदूशास्त्रज्ञ एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवलं की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. पण 2006 मध्ये त्यांनीच टॅक्सीवाल्यांची तुलना लंडनच्या बसचालकांशी केली. ट्रॅफिक तेच, ताण तोच, गाडी चालवण्याचे तासही तसेच, पण बसचालकांमध्ये ती वाढ दिसली नाही. बसचा मार्ग ठरलेला असतो, टॅक्सीवाल्याला दर गिऱ्हाइकामागे नव्याने ठरवावं लागतं. 2011 मध्ये त्यांनी शिकाऊ टॅक्सीवाल्यांवरचा अभ्यासही मांडला. सुरुवातीच्या 79 जणांपैकी 39 जण परीक्षा पास झाले आणि वाढ त्या पास झालेल्यांतच दिसली. तेव्हा मोठा हिप्पोकॅम्पस घेऊन आलेले लोकच टॅक्सीवाले होतात, ही शंकाही गेली.

तर वडिलांची हुशारी एसटीच्या स्टिअरिंगमधून आली असं मला वाटत नाही. ती बहुधा त्याच्या आधीची आहे. 2022 मध्ये 38 देशांतल्या जवळपास चार लाख लोकांच्या एका मोबाइल गेममधल्या खेळावरून निष्कर्ष निघाला, की शहराबाहेर वाढलेली माणसं वाट काढण्यात शहरात वाढलेल्यांपेक्षा सरस असतात. आणि ज्यांचं बालपण शिकागोसारख्या सरळ चौकटी-चौकटींच्या शहरांत गेलं, ती मागे पडतात. आखीव रस्त्यांच्या गावात ठरवण्यासारखं फार नसतंच. शिवारात मात्र पाऊलवाट पावसाळ्यात बदलते, बांध फुटतो, ओढा आडवा येतो. ज्या मुलाला लहानपणी गुरं घेऊन फिरावं लागलं, त्याचा सराव वेगळाच असतो. तुमच्याकडच्या शेतजमिनीचं खरेदीखत कधी उघडून बघा. गट नंबराखाली चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस रस्ता. जागा म्हणजे तिच्या चारी बाजूंना काय आहे ते, असा हा हिशेब. वडील रस्ता सांगताना तसाच सांगत असतील, नीट ऐका. ‘डावीकडे वळ’ असं ते कमी म्हणतील, ‘उगवतीकडे’ किंवा ‘वरच्या अंगाला’ असं जास्त.

फोन याच्या नेमका उलट वागतो. तो तुम्हाला चारी बाजू दाखवतच नाही. तुमच्या पुढची एक पट्टी दाखवतो आणि तुम्ही वळलात की सगळा नकाशा तुमच्याभोवती फिरवतो. पुणं तुमच्यासाठी फिरतंय, तुम्ही जागच्या जागी! नकाशा असा सतत फिरत राहिला तर सिंहगड कुठल्या बाजूला राहिला, नदी आपण ओलांडली की नाही, हे कळायचं कसं? लंडनच्या सोहो भागावरचा 2017 मधला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. 24 जणांना मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना सोहोच्या गल्ल्यांमधून पडद्यावर फिरवलं. जिथे स्वतः वाट काढायची होती, तिथे नवीन गल्लीत शिरताना हिप्पोकॅम्पसमध्ये हालचाल वाढायची, आणि पुढे जितके पर्याय जास्त तितकी ती जास्त. जिथे यंत्र सांगत होतं ‘इथे वळा’, तिथे तशी वाढ दिसलीच नाही. जपानमध्ये 2008 साली लोकांना प्रत्यक्ष रस्त्यावर पायी फिरवून असाच एक प्रयोग झाला होता. ज्यांना आधी एकदा सोबत चालवून रस्ता दाखवला होता, त्यांच्यापेक्षा जीपीएसवाल्यांचे दिशेचे अंदाज जास्त चुकले आणि नंतर काढलेले नकाशेही कच्चे निघाले.

‘मेंदू झिजतो का’ याबद्दल मात्र जपून बोलायला हवं. कॅनडात 2020 मध्ये 50 वाहनचालकांवर अभ्यास झाला. ज्यांचा आयुष्यातला जीपीएसचा वापर जास्त, त्यांची जागेची स्मृती कमी भरली. त्यांतले 13 जण तीन वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा, मधल्या काळात जीपीएस जास्त वापरणाऱ्यांची घसरण जास्त होती. निष्कर्ष काळजी वाटावा असा आहे, पण तेरा म्हणजे तेराच माणसं. एवढ्यावर घाबरून जाऊ नका. आणि कोणी याच भांडवलावर ‘ब्रेन ट्रेनिंग’चं ॲप विकत असेल तर घेऊही नका.

आता तुमच्या अडचणीतला एक भाग तुमचा नाहीच, तो पुण्याचा आहे. 1960 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या केविन लिंच यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या लोकांना आपापलं शहर आठवून रेखाटायला सांगितलं होतं. त्यातून त्यांनी पाच गोष्टी काढल्या: वाटा, कडा, एकजिनसी भाग, चौक आणि खुणा. या पाचांच्या आधाराने माणूस शहर मनात धरतो. आमच्या धंद्यात आजही पहिल्या दिवशी हेच शिकवतात. तुम्ही वाढलात त्या लातुरात गंजगोलाई आहे. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोल बाजार आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते. कुठला रस्ता ते सोनं, चपला, मिरची, गूळ अशा मालावरूनही कळावं अशी ती रचना. आंधळ्या माणसालाही मिरचीच्या बाजूला आलो हे नाकाने समजेल. गोलाई सापडली की लातूर सापडलं. पुण्याला अशी एक गोलाई नाही. इथे नदी आहे, टेकड्या आहेत, पेठा आहेत आणि मग चहूकडे पसरलेली, गावं गिळून वाढलेली उपनगरं आहेत. तुम्ही गोलाई शोधत राहिलात आणि ती मिळाली नाही, तेव्हा फोनकडे वळलात. यात आळस कसला?

जुन्या पुण्यानेही आपल्या पद्धतीने हा प्रश्न सोडवला होताच. मारुतीची देवळं पैशाला पासरी, मग ‘मारुतीपाशी भेटू’ म्हणून काय कळणार? म्हणून जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, डुल्या मारुती. पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, सोट्या म्हसोबा. बाहेरगावचे लोक हसतात, पण माझ्या व्यवसायाच्या नजरेने बघाल तर ही दिशादर्शनाची उत्तम व्यवस्था आहे. प्रत्येक नाव वेगळं, विसरायला अवघड, आणि देऊळ कुठल्या ना कुठल्या वळणावर. नव्या पुण्यात त्या जागी एकसारख्या काचेच्या इमारती आणि एकसारख्या कमानींच्या सोसायट्या आल्या आहेत. दर दोन वर्षांनी पाटी बदलणारं दुकान खूण म्हणून काय कामाचं! तरी लोक सोडत नाहीत म्हणा. टॉकीज बंद पडलं तरी चौक त्याच्याच नावाने चालतो, आणि संभाजी पुलाला लकडी पूल म्हणणारे आजही काही कमी नाहीत.

तंत्रज्ञानवाल्यांनाही हे उशिरा का होईना कळलं. गूगलने 2009 च्या शेवटी भारतातल्या मॅपवर रस्त्यांच्या नावांऐवजी खुणांवरून वाट सांगायला सुरुवात केली, कारण इथे रस्त्याचं नाव विचारून कोणी कुठे पोहोचत नाही. पोस्टाने आधी वेगळी वाट धरली होती. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झालेला सहा आकडी पिनकोड हे श्रीराम भिकाजी वेलणकरांचं काम. आपले रत्नागिरी जिल्ह्यातले, संस्कृतात कविता करणारे. त्यांच्या पिनमध्ये क्रम होता: 4 म्हणजे महाराष्ट्राचा विभाग, 411 म्हणजे पुणं, पुढचे तीन आकडे पोस्ट ऑफिस. आकडे वाचतानाच माणूस देशातून गल्लीकडे सरकतो. 2025 मध्ये आलेला डिजिपिन दहा अक्षरी आहे. देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला एक कोड. वाडी-वस्तीवर ॲम्ब्युलन्स न्यायची असेल तर याचं मोल फार मोठं आहे. पण तो कोड वाचून कुठल्याही माणसाच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. तो यंत्रासाठी लिहिलेला पत्ता आहे, आणि तसाच वापरावा.

इथवर वाचून मी फोनच्या विरोधात आहे असं वाटलं असेल, तर जेवण घेऊन येणाऱ्या पोरांकडे बघा. दिवसभर मॅपवर असणारी जमात म्हणजे हीच. आणि तरीही सहा महिन्यांत त्यांना आपला भाग आपल्याहून चांगला कळलेला असतो. का? कारण त्यांचं काम जिथे सुरू होतं तिथेच फोनचं संपतं. मॅपवरची पिन सोसायटीच्या मागच्या भिंतीवर पडलेली असते, गेट दुसऱ्या रस्त्याला. ‘बी’ विंग ‘ए’च्या शेजारी नसून ‘डी’च्या मागे. दुपारी पुढच्या गेटचा वॉचमन दुचाकी आत सोडत नाही. शेवटचे दोनशे मीटर रोज स्वतः ठरवावे लागतात, चुकावं लागतं, चुकलं तर पैसे कापले जातात. त्यातून शहर पाठ होतं. म्हणून फोन किती तास हातात असतो हे बघू नका. त्याने सांगितल्यानंतर तुमच्याकडे ठरवायला काही उरतं का, ते बघा.

आणि काही ठिकाणी तर तुम्हाला ठरवावंच लागेल, कारण तिथे फोन भरवशाचा नाही. कुठे ते सांगते.

उड्डाणपूल ही त्यातली पहिली जागा. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून संकेत पाठवतात. मोकळ्या आभाळाखाली फोन तुम्हाला पाचेक मीटरच्या आत पकडतो, पण पुलावर आहात की पुलाखाली हे त्याला नीट ओळखता येत नाही. उंच इमारतींमध्ये संकेत भिंतींवर आपटून येतात आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. चांदणी चौक तर तुमच्या घराजवळच. जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये स्फोट करून पाडला, ऑगस्ट 2023 मध्ये नवं जाळं खुलं झालं आणि नंतर कितीतरी दिवस पिढ्यान्पिढ्यांचे कोथरूडकर तिथे कुठल्या रॅम्पवर चढायचं या विचारात अडकलेले दिसायचे. अशा जागी ‘पन्नास मीटरवर डावीकडे’ हे वाक्य निरुपयोगी असतं, कारण डावीकडे दोन रस्ते असतात, एक वर जाणारा आणि एक खाली. तिथे पाटीवरचं गावाचं नाव वाचायचं. बावधन, मुंबई, सातारा, कोथरूड. आपल्याला कुठल्या गावाच्या दिशेला जायचंय हे घरून निघतानाच माहीत हवं. पाटी वळणाच्या आधी, निर्णय घ्यायला वेळ मिळेल इतक्या अंतरावर असावी, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. ती बऱ्याचदा वळणावरच असते हे मान्य, पण तो राग इथे काढत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती जिवाशी येते. मॅपला जागा कळते, ऋतू कळेलच असं नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुणेकराला बातमी न वाचताही माहीत असतं. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात कोतुळजवळ मॅपवर विसंबून निघालेली एक गाडी पाण्यात गेली आणि एकाचा जीव गेला. तो पूल धरणाचं पाणी सोडल्यावर वर्षातले काही महिने बुडालेलाच असायचा. गावातल्या कोणालाही विचारलं असतं तर त्याने हात आडवा केला असता. 2024 च्या नोव्हेंबरात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी नदीत पडून तिघे गेले. रात्री, अनोळखी रस्त्यावर, पुढे एकही गाडी दिसत नसेल आणि डांबर संपून खडी लागली, तर फोन काहीही म्हणो, थांबा. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ‘सर्वांत जलद मार्ग’ या शब्दांना काही अर्थ नसतो.

तिसरी जागा जमिनीखालची. सिव्हिल कोर्टचं भुयारी मेट्रो स्टेशन सुमारे 33 मीटर खोल आहे. एवढ्या खोलीवरून तीन-चार वेळा वळसे घेत सरकत्या जिन्यांनी वर आलात की दिशेचं भान गेलंच म्हणून समजा, वडील असते तरी त्यांचंही गेलं असतं. तिथे उगवत नाही की मावळत नाही. वर आल्या आल्या निळ्या ठिपक्याचा बाण बघून चालायला लागू नका, तो बऱ्याचदा सुरुवातीला उलटा असतो. आठ-दहा पावलं सरळ टाका, ठिपका सरकला की मग दिशा पक्की करा. त्याहून चांगलं म्हणजे स्टेशनच्या कितव्या नंबरच्या दाराने बाहेर पडायचं ते गाडीतून उतरण्याआधीच ठरवायचं. स्टेशनमध्ये शिरलेला माणूस आधी पाट्या वाचत नाही, गर्दी जिकडे जाते तिकडे जातो, आणि गर्दीतल्या बहुतेकांना दुसरीकडेच जायचं असतं.

मोठ्या दवाखान्यांचंही हेच. फोन गेटवरच सांगून टाकतो, ‘तुम्ही पोहोचला आहात.’ ओपीडी आत अडीचशे मीटरवर, दुसऱ्या इमारतीत. लिफ्टमध्ये बटणं एलजी, यूजी, एक, दोन, आणि रस्त्याच्या बाजूने शिरलात तर तुम्ही आधीच पहिल्या मजल्यावर. अशा कामात आम्ही पहिले काही दिवस पाटीचं डिझाइन करतच नाही. वॉचमनच्या खुर्चीशेजारी बसून लोक त्याला काय विचारतात ते लिहून घेतो. नव्वद टक्के पाट्यांचा मजकूर त्या वहीतून निघतो. कोणीही ‘रेडिऑलॉजी’ विचारत नाही, ‘सोनोग्राफी कुठंय’ विचारतात.

आता तुम्ही काय करायचं ते. निघताना फोन हातात घ्या, रस्ता लावा, पण ‘सुरू करा’ दाबण्याआधी नकाशा बोटांनी लहान करून सबंध प्रवास एका नजरेत बघा. उत्तर दिशा वरच्या बाजूला असू द्या, तशी सेटिंग असते. बघायचं एवढंच, की आपण नदी कुठल्या पुलावरून ओलांडतोय, हायवे कुठे सुटतो, कुठली टेकडी कुठल्या हाताला राहते. वारजे ते स्वारगेट असेल तर मुठा नदी नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, खडकवासल्याहून संगमाकडे वाहते हे एकदा डोक्यात बसवा. पर्वती पलीकडच्या काठाला, स्वारगेटच्या अलीकडे. दक्षिण-नैर्ऋत्येला, आकाश स्वच्छ असेल तर, सिंहगडावरचे मनोरे दिसतात. पुण्याला गोलाई नाही असं मी म्हणाले ना? नदी आणि सिंहगड, या दोन गोष्टींवर पुण्याचा पश्चिम भाग उभा करता येतो.

मग दोन-तीन खुणांची नावं तोंडाने म्हणा आणि जा. फोन खिशात, आवाज हवा तर चालू. जाताना ऐकलंत तरी चालेल, येताना मात्र आवाज बंद. हा नियम मी सगळ्यांना सांगते, कारण परतीचा रस्ता हीच खरी परीक्षा. अर्थात एकेरी वाहतुकीमुळे जाण्याचा आणि येण्याचा रस्ता पुण्यात वेगळा असतोच. बाजीराव रस्ता एका दिशेचा, शिवाजी रस्ता उलट्या. तिथेच डोकं चालवावं लागतं, आणि तेच हवंय. डोंगरात वाटाड्या नवख्यांना सांगतो की फाट्यावर आलात की मागे वळून बघा, परतताना हीच जागा अशी दिसेल. स्कूटर सिग्नलला थांबली की आरशात तेवढं बघून घ्या.

हे सगळीकडे करत बसू नका. आठवड्यातून एक ओळखीचं ठिकाण पुरे. उशीर झालेला असताना, मागे कोणी आजारी बसलेलं असताना किंवा अंधार पडल्यावर प्रयोग करायचे नाहीत. मॅप आल्यापासून एकट्या बाईला रिक्षावाला भलत्याच वाटेने नेतोय का हे कळतं, लोकेशन आईला पाठवता येतं, डोळ्यांनी दिसत नसलेल्या माणसाला कानातल्या आवाजावर चौक कळतो. वडिलांच्या तरुणपणी वाट काढण्याचं हे सगळं कौशल्य घराबाहेर पडायची मुभा असलेल्या पुरुषांपुरतंच होतं. तुमची आई कधी एकटी लातूरहून सोलापूरला गेली असेल का? त्या काळाच्या आठवणी काढून हळहळणाऱ्यांना मी हे नेहमी विचारते.

आणखी एक. घरबसल्या ओळखीचा भाग कागदावर काढून बघा. वारजे मध्ये ठेवा, ऑफिस, भाजी मंडई, मैत्रिणीचं घर, हायवे, नदी. चित्र वाईट येईल, येऊ द्या. कुठल्या दोन जागांना जोडणारी रेघ तुम्हाला काढता येत नाही ते बघा. बहुतेकांच्या नकाशात दोन-तीन बेटं निघतात, ओळखीचे तुकडे, मध्ये पोकळी. पुढच्या रविवारी त्या पोकळीतून जायचं. एखाद्या वेळी बसनेही जा. पीएमपीच्या खिडकीत बसल्यावर बघायला वेळ मिळतो आणि कंडक्टर थांब्यांची नावं घेतो. आळंदीहून निघणारे वारकरी सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण अशा मुक्कामांच्या नावांवरच पंढरपूरपर्यंतची वाट लक्षात ठेवतात. नुसती नावांची साखळी, नकाशा नाही, तरी कोणी चुकत नाही. पायी चालण्याच्या वेगाने मधलं सगळं दिसत असतं, आणि नाव घेऊन पुढे गेलेलं ठिकाण सहसा विसरत नाही.

राहिला बॅटरी संपण्याचा प्रश्न. त्याला विचारणं हेच उत्तर, आणि ती सवय मोडल्याने भीती वाटते. घराचा पत्ता सोसायटीच्या नावाने विचारू नका, त्या नावाच्या चार सोसायट्या असतात. जवळच्या जुन्या खुणेने विचारा: देऊळ, शाळा, पूल, बसथांबा. एकट्या वाटसरूपेक्षा रिक्षा स्टँडवर विचारा. तिथे एकजण चुकीचं सांगायला लागला की दुसरा त्याला थांबवतो. फक्त ‘सरळ जा’ एवढंच सांगणाऱ्यावर पुढच्या चौकापर्यंतच विश्वास ठेवा, आणि तिथे दुसऱ्याला विचारा. सोसायट्यांच्या जंगलात फ्लॅट शोधायचा असेल तर इस्त्रीवाला गाठा, त्याला विंगा, मजले आणि आडनावं सगळं माहीत असतं. रात्री दहानंतर मात्र या कुणाच्या नादी न लागता फोन चार्ज करायला एखाद्या चालू मेडिकलच्या दुकानात थांबा आणि सरळ मॅप लावून घरी जा.